शेवाळाखालची पांझरा

धुळ्याच्या माणसाला पांझरा दोनच कारणांनी आठवते. एक पूर, दुसरी घाण. ऑगस्टात पाणी चढलं की पुलांच्या कठड्यांना माणसं लगडतात. एरवी देवपुरातून गावात येताना नाकाला रुमाल लागतो. एकवीरादेवीची यात्रा आणि कानबाईचं विसर्जन एवढे दिवस सोडले, तर नदीच्या काठाला उतरायचं कोणाला काही कारण नसतं. तरी काही माणसं रोज उतरतात. बेशरमाच्या झुडपाआड उकिडवी बसलेली दिसतात. हातात वेळूची काठी, नायलॉनचा दोरा, आणि दोऱ्यावर तरंगायला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा.

तापीचा थाट निराळा. ती सूर्याची लेक, तिचं पुराण आहे. पांझरेला असलं काही नाही. पिंपळनेरकडच्या डोंगरातून निघायचं, साक्री तालुका ओलांडून धुळ्यात यायचं, मग उत्तरेला वळून मुडावदला कपिलेश्वरापाशी तापीत जायचं, एवढाच तिचा संसार. पण या एवढ्याशा नदीवर माणसांनी जे केलं ते मोठ्या नद्यांच्या वाट्यालाही आलं नाही. साक्रीपासून खाली ओळीने दगडी बंधारे बांधले आणि त्यांच्या पाटांवर कित्येक पिढ्या फड चालवले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्याने सोडायचं, राखणीला जागल्या. आपल्या वावरात आपल्या मर्जीने कोणी पाणी फिरवायचं नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत नवे लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक याच नदीवर होतं. दातर्तीजवळ पाटाचं पाणी पात्राखालून पलीकडे न्यायचा नळ त्यांनी बसवला. इंजिनियर लोक ही गोष्ट अभिमानाने सांगतात. गळवाल्यांना बंधाऱ्याचं कौतुक वेगळ्या कारणासाठी. बंधारा आहे म्हणून त्यामागे तुंबण आहे, तुंबण आहे म्हणून उन्हाळ्यातही मासा जगतो.

वैशाखात धुळ्याचा पारा चाळिशीच्या बराच वर जातो. पात्र तुटतं आणि नदीचे डोह होतात. पूर्वी दोन डोहांमधल्या वाळूत तरी पाणी मुरलेलं असायचं, हाताने खोदलं की झिरा लागायचा. आता वाळूच ट्रॅक्टरमधून गेली. उरलेल्या डोहांवर जलपर्णी, काठाला पाणकणीस, तळाला शेवाळ. लोक याला नदी मेली म्हणतात. गळवाला तसं म्हणत नाही. काठावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, इतक्या घाणीत काय लागणार? तो पाण्यावरची नजर न हलवता म्हणाला, “जठे शेवाय, तठेच मरय ऱ्हास.”

जिथे शेवाळ, तिथेच मरळ मासा राहतो, हे त्याचं खरं आहे, आणि ते मरळीच्या अंगातच आहे. पाण्यातला प्राणवायू सरला की रोहू-कटला पालथे पडतात. मरळ मात्र वर येऊन थेट हवा घेते. मस्तकाच्या पोकळीत तिला त्यासाठी जादा सोय आहे. पाणी पार आटलं तरी ओल्या गाळात ती तग धरते. वाढलेलं शेवाळ तिला घर आहे, आडोसा आहे, शिकारीची दबाही आहे. म्हणून मरळीचा माणूस मोकळ्या पाण्याकडे बघतच नाही. जलपर्णीत हातभर फट कुठे आहे, तिथे बुडबुडा कधी फुटतो, पुन्हा किती वेळाने फुटतो, हे तो बघत बसतो. मग त्या फटीत गळाला लावलेली बेडकी अलगद सोडतो. शिंगट्यांसाठी गांडूळ, चिलापीसाठी कणकेची गोळी. ते पोरांचं काम.

जलपर्णी मला आवडते असा याचा अर्थ नाही. ती गटारावर पोसलेली आहे, दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे, आणि पूर्ण डोह झाकला की खाली मरळीखेरीज फारसं काही उरत नाही. चिलापीही पाहुणीच, 1952 साली भारतात आणलेली. पण यंत्र लावून एका दिवसात काठ खरवडून काढला, तळाची चिखलमाती उपसली, आणि दुसऱ्या दिवशी फोटो काढले, म्हणजे नदी स्वच्छ झाली, हे काही खरं नव्हे. गटार वळवायला हवं. पाणकणसाने काय बिघडवलंय?

गळवाल्यांनाही सगळं माफ नाही. पावसाळ्यात मरळीची जोडी शेवाळात जागा साफ करून अंडी राखते. पुढे तांबूस पिल्लांचा घोळका वर तरंगताना दिसतो आणि त्याखाली आईबाप फिरत असतात. नेमका त्या घोळक्यात गळ टाकला की मरळ भुकेने नव्हे, रागाने झडप घालते. हा डाव मला पटत नाही. मृगाचा पहिला लोंढा आला की अंड्यांनी भरलेले मासे वर चढू लागतात आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडतात. तिथे जाळी, धोतरं, मच्छरदाण्या, सगळं घेऊन गाव लोटतं. इंग्लंडात ट्राउट-सामनखेरीजच्या साध्या माशांसाठीही नद्या 15 मार्चला बंद होतात आणि 16 जूनला उघडतात. आपल्याकडे नेमकं त्याच सुमाराला मृग लागतो, आणि नदी बंद ठेवायची तेव्हाच माणसं सर्वांत जास्त उतरतात.

मरळ विकायची तर जिवंतच. घमेल्यात पाणी, वर ओलं गोणपाट. काटे कमी, मांस घट्ट, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि कळण्याची भाकरी. गिऱ्हाईक हटकून मिळतं. पण ते आधी विचारतं, कुठली? पांझरेची म्हटलं तर पुढे आलेला हात मागे जातो. म्हणून विकणारा बिनदिक्कत सांगतो, अक्कलपाडा धरणाची. गिऱ्हाईक समाधानाने पैसे मोजतं. अक्कलपाड्याचं धरण कोणत्या नदीवर आहे, हे त्याला कोणी विचारत नाही.