साप की सापसुरळी?

धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळ बालाघाटच्या डोंगरात एक खोल दरी आहे. दरीत रामलिंगाचं मंदिर, भोवती पानगळीचं जंगल आणि पावसाळ्यात धो धो कोसळणारा धबधबा! १९९७ साली हे जंगल अभयारण्य झालं.

श्रावणात मी भाच्याला घेऊन तिथं गेलो. वाटेत पाचोळ्यात सळसळ झाली. तांबड्या शेपटीचं काहीतरी चकचकीत, वळवळत पळालं.

"साप!" भाच्यानं दगड उचललासुद्धा.

"थांब रे! आधी पाय आहेत का बघ."

चार इवलेसे पाय होते! ती सापसुरळी होती.

"पण मामा, आजी म्हणते, ही सापाची मावशी. सापापेक्षाही विषारी!"

हाच तर गैरसमज! जगात सापसुरळ्यांच्या दीड हजारांहून जास्त जाती आहेत. पण विषारी एकही नाही. बिचाऱ्या किडे खाऊन जगतात. तरी साप समजून कितीतरी मारल्या जातात.

त्या ओळखायच्या कशा? आपल्याकडच्या तीन जाती पाहा. बारीक अंग, आखूड पाय, गुळगुळीत खवले आणि अंगावर ठिपक्यांच्या रांगा, ती रायोपा पंक्टाटा. पिलांची शेपटी लाल असते. आम्हाला दिसलं ते हिचंच पिल्लू. जाडजूड, तपकिरी, दोन्ही कडांना फिकट पट्टा, ती युट्रोपिस कॅरिनेटा. तिसरी युट्रोपिस मॅक्युलेरिया. ही कॅरिनेटासारखीच दिसते, पण चणीनं लहान. विणीच्या दिवसांत नराचे ओठ नि गळा लालसर होतो. या दोघींतला पक्का फरक पाठीच्या खवल्यांवर असतो. कॅरिनेटाच्या एकेका खवल्यावर बहुधा तीन बारीक उभ्या रेघा, तर मॅक्युलेरियाच्या खवल्यावर पाच किंवा जास्त. पण रेघा मोजायला ती हातात धरावी लागते, ते जाणकारांचं काम. शिवाय घाबरली की ती शेपटी तोडून पळते! आपण आपलं लांबूनच बघावं.

परतताना एका खडकावर एक जाडजूड सापसुरळी ऊन खात बसली होती. भाचा दबकत थांबला.

"मामा, कडेला पट्टा आहे. कॅरिनेटा! आणि बघ, तिनं डोळे मिटले!"

"शाब्बास! सापाला पापण्याच नसतात, त्याला डोळे मिटताच येत नाहीत."

भाच्यानं मघाचा दगड अजून मुठीत धरला होता. त्यानं तो हळूच खाली ठेवला. म्हणाला, "आता घरी जाऊन आधी आजीला सांगतो!"