तेरवी झाल्यावर

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात उत्तरेला सातपुडा आहे, त्याच्या पायथ्याशी वान नदीवरचं हनुमान सागर धरण आहे. खाली पूर्णेकडे यावं तशी जमीन खारपाणपट्ट्यात शिरते. तिथं विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. पऱ्हाटी, तूर सगळी आभाळाच्या भरवशावर. पाऊस हुकला की कर्ज तेवढं वाढत राहतं. अशा एखाद्या घरातला कर्ता माणूस आपल्या हातानं जीवन संपवतो, तेव्हा मागे राहिलेल्या बाईला रडायलाही सवड मिळत नाही.

तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. मग पाहुणे जातात आणि कागद सुरू होतात. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, ते थकलं होतं का? जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरवते. पात्र ठरलं तर 1 लाख रुपये : 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. अपात्र ठरलं तर काहीच नाही. जणू ते मरणच कुणी मान्य केलं नाही. त्यात कुणी तिला पांढऱ्या पायाची म्हणतं. आणि तिच्या मनात एकच प्रश्न रात्रंदिवस फिरत राहतो : ‘त्यायनं मले काऊन नाही सांगतलं?’

हा प्रश्न कुठल्याच अर्जात बसत नाही. तो कुणीतरी ऐकावा लागतो.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात हे घडलेलं आहे. ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमानं 30 गावांत साध्या कार्यकर्त्यांना मानसिक आजार ओळखायला आणि धीर द्यायला शिकवलं. ते दारोदार गेले, ओसरीवर बसले, बोलले. गरज पडली तिथं डॉक्टरांशी गाठ घालून दिली. ‘लॅन्सेट सायकियाट्री’त 2017 साली निष्कर्ष आले : नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. आमची माणसं मनातलं बोलत नाहीत, असं आपण सहज म्हणतो. विचारणारं कुणी दारी आलं की ती बोलतात.

म्हणून माझं मागणं आहे : महिन्यानं तिच्याकडे जा, पोळ्याला जा, पहिल्या वेचणीला जा. ‘झालं गेलं विसर’ म्हणू नका. गेलेल्याचं नाव घ्या, तिला त्याच्याबद्दल बोलू द्या. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक स्वतः लावून तिच्या हाती द्या. आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागेपर्यंत तलाठ्याकडे तिच्यासोबत चला.

कारण नुसत्या धीरानं कर्ज फिटत नाही आणि नुसत्या पैशानं मन सावरत नाही. गेलेल्याची आठवण जवळ असतानाच यंदा वावरात काय पेरायचं हे तिला स्वतः ठरवता यावं. बरं होणं मी त्यालाच म्हणतो.