वेळासची वाळू

कोकणात माणसे जातात ती आंबे खायला, नाही तर कुलदैवताला नारळ ठेवायला. आम्ही उभयता गेल्या फाल्गुनात वेळासला गेलो ते कासवे पाहायला. बेत अर्थात हिचा. चौतीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या नवऱ्याला नकाशाबाहेरचे जग दाखविण्याचे कार्य हिने अलीकडे अंगावर घेतले आहे.

हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन बागमांडल्याला आलो, फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि बाणकोटमार्गे तिन्हीसांजेला वेळासला पोहोचलो. नाना फडणविसांचे हे गाव. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना चिरेबंदी गडगे आणि त्यांच्या आत माड-पोफळींच्या वाड्या. मात्र या वाड्यांतून मध्येच आकाशाचे मोठे ठिगळ दिसते. आम्ही उतरलो होतो तेथल्या काकूंनी आंबोळ्या वाढता वाढता त्याचा उलगडा केला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि खाडीपलीकडच्या या गावालाही त्याने सोडले नाही. “आजेसासऱ्यांनी लावलेली पोफळ होती हो. दुपारपर्यंत सगळी आडवी,” एवढे बोलून त्या चटणी आणायला आत गेल्या.

पहाटे किनाऱ्यावर गेलो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत दीड फूट खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वर वाळू लोटते आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी सर्रास चोरीला जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून येथे कासव महोत्सव भरू लागला. अंडी कुंपणात हलवून पुरतात, वर टोपली पालथी घालतात, आणि पन्नासेक दिवसांनी टोपलीखाली वळवळ सुरू होते.

पण त्या दिवशी माझे लक्ष टोपल्यांकडे राहिलेच नाही. कुंपणाबाहेर जवळच्याच शाळेतील सातवीची वीसेक मुले घेऊन एक बाई बसल्या होत्या. दोन बांबूच्या नळ्या वाळूत खोल रोवलेल्या, एक उघड्यावर, एक सुरूच्या सावलीत. नळीतून दोरीने तापमापक सोडायचा, थोडे थांबायचे, ओढून काढायचा आणि आकडा वहीत लिहायचा. अंड्यातून नर निघणार की मादी, हे या कासवांत वाळूची उष्णता ठरवते. सुमारे २९ अंशांच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. फारच तापली तर अंडी आतच मरतात.

“आणि वाळू दरवर्षी थोडी थोडी तापत गेली तर?” बाईंनी विचारले.

“सगळ्या मुलीच!” एक मुलगी आनंदाने ओरडली. मुले हसली. मागचा एक मुलगा मात्र हसला नाही. म्हणाला, “मग बाई, पुढे अंडी कुठून येणार?”

बाईंनी उत्तर दिले नाही. “लिही हा प्रश्न,” एवढेच म्हणाल्या.

माझ्या पोटात कालवले. १९८८ साली जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या सिनेटपुढे पृथ्वी तापू लागल्याची साक्ष दिली होती. माझ्या नववीतील एका मुलाने त्या बातमीचे कात्रण वर्गात आणून विचारले होते, “सर, हे खरे का?” मी म्हणालो होतो, “हे परीक्षेला नाही. खाली बस.” तो बसला, आणि वर्षभर पुन्हा उठला नाही. हवामान म्हणजे तीस वर्षांची सरासरी, ही व्याख्या मी एकाच पिवळ्या पडलेल्या वहीतून सांगत आलो. सरासरीच सरकू शकते हे काही त्या वहीत नव्हते. राजस्थानातून मोसमी पाऊस १ सप्टेंबरला परतू लागतो, असे माझ्या शेकडो विद्यार्थ्यांनी पाठ केले. हवामान खात्याने २०२० साली ती तारीख १७ सप्टेंबर केली. आता कोणाकोणाला पत्र धाडू?

मुले पाण्याकडे धावल्यावर बाईंशी बोलणे झाले. वादळानंतर वर्ग भरू लागले तेव्हा वारा सुटला की एक मुलगा बाकाखाली शिरे, असे त्या म्हणाल्या. “त्याला काय सांगू? वादळ तापमानवाढीनेच आले म्हणावे, तर एका वादळाचे तसे छातीठोक सांगता येत नाही. काही संबंध नाही म्हणावे, तर तेही खोटे. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यावरची वादळे वाढली आहेत. म्हणून म्हटले, आधी मोजू या.” त्या वर्षी मुलांनी पडलेली झाडे मोजली, मग पावसाचे मापन सुरू झाले, आता वाळू. बाकाखाली शिरणारा तो मुलगा पुढे तीन वर्षे रोज पाऊस मोजत असे. आता तो मंडणगडला शिकायला जातो.

“भीती गेली का त्याची?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “पण बाकाखाली जात नाही.”

एवढ्यात ओरडा झाला. टोपली उचलली होती. तळहाताहून लहान अशी करडी पिल्ले वाळूवर सोडली आणि ती वेडीवाकडी धडपडत पाण्याकडे निघाली. हिने माझा दंड घट्ट धरला. शेवटचे पिल्लू दोनदा लाटेबरोबर परत आले, तिसऱ्यांदा गेले.

परत निघणार तोच ती मघाची मुलगी तापमापक घेऊन पुढे आली. “आजोबा, तुम्ही सर होता ना? सावलीतला आकडा तुम्ही वाचा.” मी ऐटीत चष्मा सारखा केला आणि उभ्यानेच खाली बघत म्हणालो, “तीस.”

“असे नाही, आजोबा. डोळ्याच्या रेषेत धरून वाचायचे. लवकर, नाही तर बदलेल.”

मी वाळूत गुडघे टेकले आणि पुन्हा वाचले. साडेअठ्ठावीस. तिने ते वहीत लिहून घेतले.