पोटाची बाही

मराठी माणूस पोटाकडून फार कामं करून घेतो. तो पोटासाठी गाव सोडतो, धाकट्यांचे अपराध पोटात घालतो आणि ओठात एक, पोटात एक ठेवून चारचौघांत वावरतो. एवढं सगळं ठेवायचं म्हणजे जागा ऐसपैस हवी. माझ्याकडे ती आहे. उंची पाच फूट पाच इंच, वजन ११८ किलो. त्या जागेतल्या जठराचा पाऊणएक भाग कापून टाकावा की नाही, या प्रश्नाने सध्या आमच्या घरात बिऱ्हाड केलं आहे.

या शस्त्रक्रियेला 'स्लीव्ह' म्हणतात. स्लीव्ह म्हणजे बाही. जठर उभं कापायचं आणि बाहीसारखी अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवायची. आमच्या शिंप्याला तीस वर्षांत माझ्या सदऱ्याची बाही साधली नाही. इथे तर एक तरुण डॉक्टर पोटाला चार-पाच भोकं पाडून, दुर्बिणीतून बघत, आतल्या आत बाही बेतणार आणि वर पिना मारणार!

"काका, उरलेलं जठर केळ्याएवढं असतं," डॉक्टर म्हणाले.

"राजेळी की वेलची?" आमच्या हिने विचारलं. बाजारहाट तिच्याकडे असल्यामुळे असली मोघम मापं तिला चालत नाहीत.

मग डॉक्टरांनी माझा बी.एम.आय. काढला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे नाव १९७२ साली अँसेल कीज यांनी रूढ केलं. सूत्र मात्र एकोणिसाव्या शतकातल्या केतले या बेल्जियन गृहस्थांचं. केतले हे खगोलशास्त्रज्ञही होते हे कळलं आणि मला उलगडा झाला. आकाशातल्या गोलांची मापं घेणाऱ्याचं सूत्र मला लागू पडायचंच! आपल्या लोकांत २३ च्या पुढे वजन जास्त धरतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे ३५ च्या पुढे ही शस्त्रक्रिया सुचवतात. माझा आकडा ४३ आला. आयुष्यात प्रथमच मला पहिल्या यादीत प्रवेश मिळाला.

ही बातमी चाळीतून सोसायटीत आलेल्या आमच्या बिल्डिंगमध्ये फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे नाना खाली आले. स्वतः ते उदबत्तीसारखे. "कापाकापी कशाला? तोंडाला कुलूप घाला. पळवाट आहे ही!" असं म्हणून त्यांनी हिने केलेले चार बटाटेवडे संपवले.

नानांचं कुलूप मी बारा वेळा लावून पाहिलं आहे. लिंबू-मध झालं, काकडी झाली, सूर्यास्तापूर्वीचं जेवण झालं. आजवर मी सत्तरएक किलो घटवले आणि नव्वदएक परत आणले. डॉक्टरांनी याचं कारण सांगितलं ते मला पटलं. वजन उतरलं की शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. ते भूक वाढवतं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि कापताना नेमका तोच भाग जातो. म्हणजे नुसती कोठी लहान होत नाही, आत बसून ओरडणारा कोठावळाही कमी होतो.

पण ही पळवाट असेल तर फार चढाची आहे. आधी दोनएक आठवडे बेताचा आहार, म्हणजे यकृत आक्रसून डॉक्टरांना हात घालायला जागा होते. नंतर काही दिवस घोट घोट पाणी, मग पातळ, मग कुस्करलेलं. जेवताना पाणी नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. छातीत जळजळ वाढू शकते, काहींचं थोडं वजन वर्षांनी परत येतं, आणि कापलेलं जठर परत मिळत नाही. शिवाय लग्नाला गेलो तर पोट पाव, आणि आहेर मात्र पुरा!

"दोन घास खाणारा मुलगा मी कुणाला वाढू?" आईने विचारलं. ती ऐंशीची आहे. याचं उत्तर डॉक्टरांच्या छापील पत्रकात नव्हतं.

मी नाही म्हणायच्या बेतात होतो. त्या रात्री हिला सहज म्हटलं, "माझ्या घोरण्याने तुझी झोपमोड होते ना?"

"घोरण्याने नाही होत," ती म्हणाली. "घोरणं थांबतं तेव्हा होते. श्वासच बंद होतो तुमचा. मी उठून बसते आणि आकडे मोजते. परवा अठरापर्यंत गेले."

नवऱ्याचं वजन काट्यावर मोजणारे पुष्कळ भेटले होते. अंधारात बसून ते असं कुणी मोजत असेल, हे मला ठाऊक नव्हतं. वजन उतरलं की हा त्रास बहुधा बराच कमी होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा मी घ्रेलिनच्या विचारात होतो.

सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. "आंबे संपले की करू."

हिने फोन काढून घेतला आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीची तारीख घेतली. आईने मात्र माळ्यावरून माझं लहानपणचं चांदीचं वाटी-चमचा काढून घासून ठेवलं आहे.