२५ डिसेंबर आणि आपल्या घरची लेकरे

डिसेंबर लागला की आमच्या बोरी अरबमध्येही आता नाताळ येतो. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर एखाद्या दुकानात लाल टोप्या टांगलेल्या दिसतात. मोबाइलवर पांढऱ्या दाढीचा म्हातारा नाचतो. इंग्रजी शाळेतल्या लेकरांकडून तो जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लेकरांपर्यंत पोहोचतो. आणि दिवसभर कापूस वेचून घरी आलेल्या आईबापापुढे प्रश्न उभा राहतो, “आपल्या घरी सांता काहून येत नाही?”

हा प्रश्न केवळ आमच्याच घरातला नाही. वस्तीतल्या कितीतरी घरांत तो विचारला जातो आणि त्याची दोन उत्तरे सर्रास ऐकू येतात. पहिले उत्तर, “तो आपला सण नाही, गप्प बस.” दुसरे उत्तर, दुकानातून उधारीवर टोपी, केक आणि चमकीचे झाड आणणे. पहिल्या उत्तराने लेकराचे तोंड बंद होते, पण मन बंद होत नाही. शेजारच्या घरात आनंद आहे आणि आपल्या घरात फक्त मनाई आहे, एवढेच ते शिकते. दुसऱ्या उत्तराने आठवडाभर घर चमकते. मग टोपी फाटते आणि उधारी वहीत राहते. मजुरीवर चालणाऱ्या घराला दोन्ही उत्तरे महाग पडतात.

आम्ही दोघांनी यावर पुष्कळ बोलून तिसरी वाट धरली. लेकरांना खरे सांगायचे, आणि त्या दिवसाला आपल्या घरचे रूप द्यायचे.

खरे सांगायचे म्हणजे काय? नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा दिवस. ख्रिस्ती बांधव तो प्रार्थनेने आणि गोडधोडाने साजरा करतात. आपल्या जिल्ह्याला तो काही परका नाही. उमरीचा मिशन दवाखाना जुन्या माणसांना ठाऊक आहे. ख्रिस्ती धर्मशिक्षण देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत यवतमाळलाच होती. दुसऱ्याच्या सणाला नावे ठेवणे हा आपला संस्कार नाही. ओळखीचे ख्रिस्ती कुटुंब असेल तर लेकरांना घेऊन त्यांच्या घरी जावे, शुभेच्छा द्याव्यात, त्यांनी दिलेली करंजी आनंदाने खावी.

आणि सांता? तो रात्री येऊन खाऊ ठेवतो असे आम्ही लेकरांना सांगत नाही. लेकरांशी खोटे बोलून मिळणारा आनंद आम्हाला नको आहे. आम्ही त्यांना सांतामागच्या माणसाची गोष्ट सांगितली. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे धर्मगुरू होते. त्यांची आख्यायिका अशी की, एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली होती. निकोलसांनी रात्रीच्या अंधारात, कोणाला न कळू देता, त्या घरात सोन्याच्या मोहरांच्या थैल्या टाकल्या. गोष्ट ऐकून चौथीतली थोरली म्हणाली, “म्हणजे तिकडेही हुंडा होता?” तिच्या या प्रश्नाने आम्हाला पुढची गोष्ट सांगायला वाट मिळाली.

कारण २५ डिसेंबर हा आपल्याही घरचा दिवस आहे. १९२७ साली याच तारखेला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. विहारात आपण या दिवसावर भाषणे ऐकतो. पण सहा वर्षांचे लेकरू भाषणात झोपते. त्याला गोष्ट हवी असते, आणि महाडची गोष्ट तर लेकरांनी डोळे मोठे करून ऐकावी अशीच आहे. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. दासगावच्या बंदरात उतरून पुढे पायी महाडला गेले. परिषदेला गावात कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते जन्माने ब्राह्मण होते. रात्री नऊच्या सुमारास ते पुस्तक अग्नीत टाकले गेले. आम्ही बोट, बंदर, चालणारी माणसे, रात्रीचा जाळ असे एकेक चित्र उभे करत सांगतो. धाकटा बोटीवर अडकून बसतो, “बोटीत किती माणसे होती?” एवढेच विचारत राहतो. अडकू द्यावे. पुढच्या वर्षी तो बंदरात उतरेल.

थोरलीचा प्रश्न मात्र सरळ होता. “तुम्ही म्हणता पुस्तकाला पाय लावू नये, फाडू नये. मग बाबासाहेबांनी पुस्तक का जाळले?” प्रत्येक घरात लेकरू हे विचारणारच. आम्ही सांगितले, “तुझ्या हाती पुस्तक येऊ नये, बाईने स्वतंत्र राहू नये, असे नियम ज्या पुस्तकात होते तेच जाळले. ज्यांनी ते जाळले त्यांनी स्वतःच्या हजारो पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधले.” महाडच्या परिषदेनंतर बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले. हलकेपणाची खूण सांगणारे कपडे-दागिने टाका, मुलींना शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच पुढे हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही पाळला जाऊ लागला. १९९६ साली चंद्रपूरला झालेल्या महिला परिषदेचा त्यात मोठा वाटा होता.

आता घरात काय करायचे ते सांगतो. लेकराला दिवस लक्षात राहतो तो त्याने स्वतःच्या हाताने काय केले यावरून. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला घरोघर बांबू आणि कागदाचे कंदील करतात. जपानमध्ये ८ एप्रिलला बाल सिद्धार्थाच्या मूर्तीवर लेकरे गोड चहा ओततात. ज्या सणात लेकरांच्या हाताला काम आहे, तो सण लेकरांचा होतो.

आमच्या घरी ते काम चांदणीचे. दहा सारख्या कामट्या घ्यायच्या. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन बांधायच्या. दोन्हींची पाचही टोके एकमेकींना सुतळीने बांधायची. मधल्या पाच कोनांत बोटभर काड्या आडव्या दिल्या की चांदणी फुगते. मग मैद्याच्या खळीने पतंगाचा कागद लावायचा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, हे आपल्या पंचरंगी ध्वजाचे रंग, पाच टोकांना पाच. प्रत्येक टोकाला लेकराने एक शील म्हणायचे. आत छोटा बल्ब सोडायचा, दिवा नको, कागद पेट घेतो. खर्च कागदाचा आणि सुतळीचा. हे काम २३ तारखेपासून रोज रात्री अर्धा तास चालते. वाट पाहण्यातच लेकरांचा अर्धा सण असतो.

त्या दिवशी शाळेला सुटी असते, वेचणीला नसते. दुसऱ्या वेच्याचे दिवस असतात आणि पूर्ण दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही. म्हणून सकाळी लवकर जाऊन आम्ही दुपारी परततो. तुरीच्या ओल्या शेंगा याच दिवसांत येतात, त्यांचा सोलेभात आणि गुळाची खीर एवढाच बेत. शेंगा धाकटा सोलतो, ताटे तोच मांडतो. त्या दिवशी वाढण्याचे काम घरातल्या पुरुषांचे आणि पहिले ताट आजीचे. अंधार पडला की चांदणी लावायची, त्रिशरण-पंचशील घ्यायचे आणि मग महाडची गोष्ट. शेवटी दोन्ही लेकरांना एकेक पुस्तक. कागदात गुंडाळलेले असते आणि ते आईबाबांनी आणले हे त्यांना माहीत असते. तरी कागद फाडताना त्यांच्या तोंडावरचा आनंद पाहावा.

याहून मोठी भेट आम्ही दोन वर्षांपूर्वी थोरलीला दिली. आपल्या भागात दिवाळीनंतर वेचणी जोरात आली की मुलींची शाळा सुटू लागते. कोणी धाकट्याला सांभाळायला घरी ठेवते, कोणी ओटी बांधून सोबत नेते. आमच्या घरच्या आजीची शाळा अशीच दुसरीत सुटली ती कायमची. म्हणून त्या २५ डिसेंबरला आम्ही वहीच्या कागदावर लिहिले, ‘वेचणीच्या दिवसांत थोरलीची शाळा बुडणार नाही.’ खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. आजीने अंगठा उठवला. कागद बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीला लावला आणि दर वर्षी त्याच दिवशी तो मोठ्याने वाचला जातो.

याची किंमत पडते. आई शेतातून तासभर आधी निघते, तेवढा कापूस कमी वेचला जातो. गेल्या हंगामात आभाळ भरून आले, कापूस भिजणार म्हणून घाई झाली आणि थोरलीलाही एक दिवस पाठवा असा निरोप आला. आम्ही काही बोलण्याआधीच तिने भिंतीकडे बोट दाखवले. आम्ही दोघेच गेलो, ती शाळेत गेली.

वाचक मायबहिणींनो आणि भावांनो, वीटभट्टीवर असाल, शहरात कामाला गेला असाल, घर एका खोलीचे असेल, तरी एवढे जमते. चांदणी जमली नाही तर कागदावर काढून पाच रंग भरा. खीर नसेल तर गूळ-शेंगदाणे चालतील. मात्र घरात शिकती मुलगी असेल तर तो कागद लिहायला विसरू नका, आणि लिहिताना तिलाही जवळ बसवा. जयभीम!