पुढची डावी सीट

सेकंड हँड गाडी घेताना मी इंजिनचा आवाज ऐकला, टायर पाहिले, मॅट उचलून पत्रा गंजलाय का तेही तपासलं. पेणजवळच्या आमच्या गडबचा माणूस गंज आधी बघतो, कारण खाडीची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. चासी नंबर मात्र आरसीवरच्या नंबराशी जुळतो ना, एवढंच पाहिलं. तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला असता तर गाडीचा रिकॉल बाकी आहे, पुढची डावी एअरबॅग बदलायची राहिली आहे, हे त्याच दिवशी कळलं असतं.

दुसरी चूक आळसाची. गाडी महिन्याभरात नावावर करून घ्यायची असते, मी ते लांबवत राहिलो. कंपनीचं पत्र आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलं. त्यांनी गाडी विकलेली, त्यामुळे पत्र त्यांच्या घरी पडून राहिलं. त्यांना दोष कसा देऊ? कागदोपत्री पत्ता त्यांचाच होता.

शेवटी पेणच्या एका मेकॅनिकने विचारलं, "दादा, एअरबॅगचा रिकॉल बघितलात का?" मी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि विझतो, म्हणजे सगळं ठीक, अशी माझी समजूत. तो म्हणाला, दिवा वायरिंगचं सांगतो, आतल्या दारूचं नाही.

त्या रात्री मी वाचत बसलो. एअरबॅगच्या मागे धातूची एक डबी असते, तिला इन्फ्लेटर म्हणतात. धडक बसली की डबीतलं रसायन पेटतं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. जपानच्या ताकाता कंपनीने यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं, आणि कोट्यवधी डब्यांत ओलावा शोषून घेणारा पदार्थ घातलाच नाही. वर्षानुवर्षांच्या उष्ण, दमट हवेत ते रसायन भुसभुशीत होतं, नको तितक्या वेगाने जळतं. मग डबीच फुटते आणि तिचे तुकडे कापड फाडून समोरच्या माणसाच्या मानेत, तोंडात घुसतात. जगभरात सुमारे 10 कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि 2017 साली ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत बदलाचं काम फ्लोरिडा, हवाईसारख्या दमट भागांना आधी प्राधान्य देऊन सुरू झालं. ते वाचताना अंगणात, धरमतर खाडीच्या वाऱ्यावर, वर्षानुवर्षं उन्हात आणि पावसात उभी राहिलेली माझी गाडी मला दिसत होती.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "पार्ट आला की कळवतो." मी बरं म्हणालो. नाव-नंबर विचारला नाही, लेखी काही मागितलं नाही. आठवडे गेले, पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. मग रोजच्या धबडग्यात मीही सैल पडलो.

आणि त्या काळात पुढच्या डाव्या सीटवर आई बसत होती. तिचे गुडघे आखडलेले, मागे पाय दुमडून बसवत नाही. पेणला डॉक्टरकडे, नागोठण्याला नातेवाइकांकडे, मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांतून आणि वडखळच्या ट्रकांच्या रांगांतून मी तिला तिथेच बसवून नेत होतो. मला माहीत होतं, तिला नव्हतं. ही चूक आळसाची नाही. हा तिचा विश्वासघात होता, आणि तिला घाबरवायचं नव्हतं ही सबब मी स्वतःलाच देत होतो. एका सकाळी मी तिला मागे बसायला सांगितलं आणि कारणही सांगितलं. तिने विचारलं, "मग इतके दिवस का नाही बोललास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला मागे आडवे पाय टाकून बसता यावं म्हणून बायकोने उशा लावल्या. हे पहिल्या दिवशीच करता आलं असतं.

त्यानंतर मी कंपनीच्या ग्राहक विभागाला चासी नंबर, आरसीची प्रत आणि फोन केलेल्या तारखा घालून ईमेल केला. मग मात्र हालचाल झाली, पार्ट आला, पनवेलला फुकट बदलून मिळाला. तासाभराचं काम.

आपल्याकडे 1 एप्रिल 2021 पासून सरकार कंपनीला सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, वाहन पोर्टलवर तक्रारही करता येते. पण तो नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता. त्यापेक्षा जुनी गाडी कंपनीच्या मर्जीवर. एअरबॅगमधलं हे रसायन मात्र जितकं जुनं तितकं घातक. ज्या वयात धोका वाढतो, नेमक्या त्याच वयाच्या गाड्या नियमाने बाहेर ठेवल्या आहेत, आणि खेड्यापाड्यांत सेकंड हँड फिरतात त्या याच गाड्या. एअरबॅगसाठी ही सात वर्षांची अट काढायलाच हवी. गाडी नावावर करताना आरटीओत विमा आणि पीयूसी लागतो, तसा रिकॉल बाकी नसल्याचा दाखलाही मागितला पाहिजे. तो मागितला असता तर आधीच्या मालकाकडे पडून राहिलेल्या त्या पत्रातली गोष्ट मला व्यवहाराच्या टेबलावरच कळली असती.