देवाची बाजू

गोविंदाग्रजांची ‘प्रेम आणि मरण’ ही कविता मी गेली कित्येक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. मोकळ्या मैदानात एकटा वाढलेला वृक्ष. भोवती गुडघाभर झुडपांची वस्ती. एके दिवशी त्याला आकाशात वीज दिसते आणि तिच्या ध्यासाने तो झुरणीस लागतो. देव त्याला बजावतो की, ती म्हणजे तुझे मरण; पण वृक्ष ढळत नाही. अखेर वीज येते आणि वृक्ष कोसळतो. आम्हां सोलापूरकरांना ही कथा समजावून सांगावयास नको. वळिवाच्या दिवसांत उघड्या रानातले एकटे कडुलिंब विजेने चिरल्याचे येथे पुष्कळांनी पाहिलेले असते.

मग या रूपकात विशेष ते काय? संस्कृत काव्यात वृक्षाची सखी वेल, आणि वीज मेघाची. ‘मेघदूता’च्या शेवटी यक्ष मेघाला शुभ चिंतितो तेही हेच, की तुला विजेचा वियोग क्षणभरही न घडो. परंपरेने लावून दिलेली ही जोडपी गोविंदाग्रजांनी मोडली. फारसी काव्यातला पतंग ज्योतीवर झेप घेतो. शेलेच्या पतंगाला ताऱ्याची ओढ. पण त्या दोघांनाही पंख आहेत. वृक्षाचे पाय मातीत रोवलेले. त्याने उभ्या जागी तप करावे. येणे न येणे विजेच्या स्वाधीन. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गातील पार्वतीचे स्मरण येथे सहज होते. तिच्या तपातही बटुवेषधारी शंकर येऊन तिला परावृत्त करू पाहतोच.

हे सारे मी मोठ्या आवेशाने सांगत असे, आणि अर्थातच वृक्षाच्या बाजूने. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने आपला विवाह आपणच ठरविला. मुलगा सुशील, सुशिक्षित. पण आमच्या ज्ञातीचा नव्हे. मी अनुभवी माणसाच्या सुरात तिला सारे धोके समजावून दिले. एके काळी ती माझ्याच वर्गात बसलेली. सगळे ऐकून घेऊन ती एवढेच म्हणाली, “बाबा, वर्गात तुम्ही वृक्षाच्या बाजूचे, घरी मात्र देवाच्या.”

त्या रात्री मी ‘वाग्वैजयंती’ पुन्हा उघडली. या कवितेतील देवाकडे मी आजवर नीट पाहिलेच नव्हते. वृक्षाला बोलते करण्यापुरता तो आला आहे, असे मी मानीत असे. आता ध्यानात आले की, तो खोटे काहीच सांगत नाही. मरण खरोखरच येते. वृक्षाचे मोठेपण देव चुकीचा ठरण्यात नाही, त्याचे ऐकूनही न ढळण्यात आहे. आणि देवाचे मोठेपण? तो बजावतो, पण हात धरून ठेवीत नाही. शिवाय त्याला वृक्षाच्या जिवाची काळजी होती. माझी भीती मात्र विजेची नव्हतीच. ती भोवतीच्या गुडघाभर वस्तीची होती. हे कळल्यावर मला माझीच लाज वाटली.

सकाळी मी मुलीला होकार दिला. लोकांचे भय गेले. बापाच्या मनातली काळजी राहिली, ती आजही आहे. यंदा तीच कविता शिकविताना देवाचे बोल वाचू लागलो आणि माझा स्वर आपोआप खाली आला. मुलांच्या ते लक्षात आले की नाही, कोण जाणे.